चहाविना पाहुणचार

आपल्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा तांब्या आणि मागोमाग चहा. सातारा भागात तर ‘चहा नको’ म्हटले की यजमानाचा चेहरा पडतो. मग रोजा असलेला पाहुणाच मुक्कामाला आला तर यजमानाने करायचे काय? या रमजानमध्ये कोरेगावात कॉलेजच्या मित्राकडे एक अख्खा दिवस राहिलो. हातात काही काम नव्हते आणि कुठे पोहोचायची घाईही नव्हती.

‘प्रवासात रोजा माफ असतो म्हणे तुमच्यात,’ मित्राने आदल्या रात्रीच विचारले. त्याचे बरोबर होते. कुरआनच्या दुसऱ्या सूरेत आजारी माणसाला आणि प्रवाशाला ही सवलत दिली आहे. सुटलेले रोजे नंतर तेवढेच दिवस धरून भरून काढायचे असतात. पण पुण्याहून बसने आरामात आलेल्या माणसाला सवलत घ्यावीशी वाटली नाही. तसे सांगितल्यावर तो उठला, मोबाइलवर पहाटेचा गजर लावला आणि आईला हाक मारली.

पहाटे पावणेपाचला काकू चुलीपाशी होत्या. गॅस असताना भाकरीसाठी अजून चूलच. सहेरीला भाकरी आणि घेवड्याची आमटी. फिकट दाण्यावर लालसर-जांभळे पट्टे असलेला हा वाघ्या घेवडा म्हणजे कोरेगावची ओळख. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत तो पावसाळ्यात पिकतो. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हळूहळू पचणारे कडधान्य सहेरीला उत्तम, कारण पुढे सुमारे तेरा तास पोटात काही जाणार नसते. काकू म्हणाल्या, ‘आमच्या निर्जळी एकादशीला पण पाणी नसतं. पण ती वर्षातनं एकदा. तुमचं महिनाभर कसं रं निभतं?’ म्हटलं, ‘पहिले चार दिवस जड जातात काकू, मग सवय होते.’ त्यांनी आणखी अर्धी भाकरी वाढली.

सकाळी उन्हे चढायच्या आत गावातून फेरी मारली. पंढरपूरकडे जाणारा रस्ता, एसटी स्टँड, तीळगंगेचा पूल, मग आमचे डी. पी. भोसले कॉलेज. रयत शिक्षण संस्थेचे हे कॉलेज नसते तर आम्हा दोघांची गाठ पडली नसती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसवली. आमच्या वेळी त्याचे कुणाला अप्रूप नव्हते. एका डब्यात दोघांनी जेवायचे, एवढेच आम्हाला ठाऊक.

वाटेत तीन ओळखीचे भेटले. तिघांनी चहाचा आग्रह केला आणि रोजा आहे कळताच तिघेही ओशाळले. एकाने तर हातातला कप मागे लपवला. वाचकहो, याची काही गरज नसते. समोर कुणी चहा प्यायल्याने रोजा तुटत नाही. तुम्ही खुशाल घ्या, गप्पा मात्र मारा.

दुपारी मोटारसायकलवरून रहिमतपूरला गेलो. जुहरची नमाज तिथेच झाली. विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार रणदुल्लाखान याची आठवण सांगणारी जुनी मशीद आणि मकबरा या गावात आहे. १६३८ च्या सुमारास बंगळूर घेणाऱ्या कर्नाटकच्या मोहिमेत रणदुल्लाखान आणि शहाजीराजे बरोबर होते. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिणाऱ्या वसंत कानेटकरांचा जन्मही याच गावचा.

परतताना एका झाडाखाली थांबलो. समोर शाळूची काढणी चालली होती. तिथे मित्राने विषय काढला. शेजारच्या खटाव तालुक्यात, पुसेसावळीत, सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून दंगल झाली. मशिदीत असलेल्या एका तरुणाचा त्यात जीव गेला. ‘त्या आठवड्यात तुला फोन करायला तीनदा हातात घेतला,’ तो म्हणाला, ‘पण काय बोलावं ते कळेना. नुसतं “कसा आहेस” म्हणणं खोटं वाटलं.’ मी म्हटलं, ‘तेवढंच म्हणाला असतास तरी चाललं असतं.’ तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, आमच्या ग्रुपवर तसले मजकूर येतात, तेव्हा आता मी गप्प बसत नाही. दोघे-तिघे त्यामुळे बोलायचे बंद झालेत. मी त्याला माझ्याकडचे सांगितले. पुण्यात मुलगी कॉलेजला निघाली की तिची आई तिला काय काय बजावते, ते. वर्षानुवर्षे फोनवर न निघालेले हे बोलणे दीड तास चालले. मध्ये चहा आला असता तर बहुधा विषय बदलला असता.

संध्याकाळी फ्रिजवर चिकटवलेले इफ्तारचे वेळापत्रक दिसले. मित्राने ते कोरेगावातल्या एका दुकानातून आणले होते. खजूर, कलिंगडाच्या फोडी, कांदाभजी. मगरिबच्या अजानकडे सगळ्या घराचे कान. काकूंनीही दुपारपासून चहा घेतला नव्हता. विचारल्यावर म्हणाल्या, ‘पाव्हणा उपाशी, मला कसा गोड लागंल?’ खजूर तोंडात टाकल्यावर पहिला कप मी त्यांच्या हातात दिला.

निघताना पिशवीत दोन किलो घेवडा आणि एक शंका मिळाली. ‘ईदेला येईन, पण त्या दिवशी एकादशी निघाली तर खिरीचं काय?’ मी समजावले, ‘काकू, ईद चंद्रकोर दिसल्यावर होते, म्हणजे तुमच्या प्रतिपदा-द्वितीयेच्या आसपास. एकादशी अकरावी तिथी. तुमचा महिना आणि आमचा महिना दोन्ही चंद्रावरच चालतात, त्यामुळे ईद एकादशीला कधीच येत नाही.’

काकूंनी बोटांवर मोजून पाहिले. ‘मग वाटीभर जास्तच कर,’ त्या म्हणाल्या.