कुत्रा खातो, तरी अंगी का लागत नाही?

कुत्र्याच्या बरगड्या दिसू लागल्या, केस राठ आणि निस्तेज झाले, की बहुतेक घरांत पहिली खरेदी होते ती टॉनिकच्या बाटलीची. ती आणण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधा: तो खाऊनही वाळतोय, की त्याचं खाणंच कमी झालंय? पुढचा सगळा तपास या उत्तरावर ठरतो.

वजन आणि केस बहुधा एकत्रच का बिघडतात, हे आधी समजून घेऊ. केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिनं. कुत्र्याच्या रोजच्या प्रथिनांचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त कातडी आणि केसांवर खर्च होतो. तुटवडा पडला की शरीर आधी हृदय, मेंदू, यकृत सांभाळतं. केसांची पाळी शेवटी येते.

केसाळ कुत्र्याचं हडकणं नजरेला दिसत नाही, हाताला कळतं. बरगड्यांवरून अलगद हात फिरवा. वळलेल्या मुठीच्या सांध्यांवरून बोट फिरवावं तशा बरगड्या टोचल्या तर कुत्रा हडकलाय. सरळ धरलेल्या हाताच्या पाठीसारख्या लागल्या तर वजन ठीक आहे. कारवानी आणि मुधोळ कुत्र्यांच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ही त्यांची ठेवणच आहे. पण मांडीचं मांस झडलं असेल तर ते जातीवर ढकलू नका.

आता ताटलीकडे वळू. १० किलोच्या मोठ्या झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० ते ६५० किलोकॅलरी लागतात. तीन पोळ्या आणि कपभर दूध मिळून चारशे-साडेचारशेच्या आसपास जातात. म्हणजे दूधपोळीवर ठेवलेला कुत्रा आपल्या नजरेसमोर अर्धपोटी राहतो. पोळी-भाकरीच्या धान्यातलं फायटेट जस्त बांधून ठेवतं, ते शरीराला मिळत नाही. मग डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला खपल्या धरतात. पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही, त्यांना हगवण लागते. घरात मांस शिजत नसेल तर अंडी, पनीर चालतं का पाहा. तेही नको असेल तर डॉक्टरांना विचारून कुत्र्यांसाठीचा समतोल तयार आहार घाला. अनेक आठवडे योग्य खाणं मिळाल्यावरच केसांत फरक दिसतो, तेव्हा धीर धरा.

पोटभर मिळूनही वाळतोय, तर पहिला संशय जंतांवर. पिल्लांना गोलकृमी आईच्या पोटातच लागतात आणि अंकुशकृमी तिच्या दुधातून येतात. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात, म्हणून हिरड्या पांढुरक्या पडतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. तो पिसवांतून येतो. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि जंत पोटात जातो. पिसवा तशाच ठेवून नुसतं जंताचं औषध दिलं, तर थोड्याच दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

जंत गेले, खाणं राक्षसासारखं, तरी सापळा होतोय आणि शी ढिगाने, फिकी, तेलकट? मग स्वादुपिंड पाहायला हवं. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार विशेष आढळतो. पाचकरस बनवणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि बहुतांश संपल्यावरच लक्षणं दिसतात. अन्न पोटात जातं, पण फुटत नाही. भुकेने कासावीस झालेला कुत्रा स्वतःची शी खातो आणि घरचे त्याला खोडकर समजून मारतात, याचं फार वाईट वाटतं. उपाशीपोटी रक्त घेऊन टीएलआय नावाची तपासणी केली की निदान होतं. पुढे जन्मभर प्रत्येक जेवणात पाचक पावडर मिसळावी लागते, बऱ्याच कुत्र्यांना बी-१२ ची इंजेक्शनंही लागतात. पण कुत्रा छान जगतो. खूप खाणं, खूप पाणी, खूप लघवी आणि घटतं वजन असं चित्र असेल तर मधुमेह तपासा.

खाणंच सुटलं असेल तर आपल्याकडे गोचीड विसरून चालत नाही. गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बबेशियाचे जंतू रक्तात शिरतात. एर्लिकिया तर महिनोन्‌महिने दबून राहतो. मग ताप, मरगळ, फिक्या हिरड्या, कधी नाकातून रक्त. आज अंगावर एकही गोचीड नाही, म्हणून हा आजार नाही असं म्हणता येत नाही. रक्ततपासणी करावीच लागते. गोचीड भिंतीच्या फटींत अंडी घालते, त्यामुळे कुत्र्याबरोबर त्याची जागाही साफ करायला हवी. म्हाताऱ्या कुत्र्याचे दात आणि मूत्रपिंड बघून घ्या.

वजन ठीक आणि फक्त केस जात असतील तर वाट वेगळी. खूप खाज असेल तर पिसवा किंवा लूत. खाज नाही आणि कुत्रा उलट जाड, सुस्त होतोय, तर थायरॉइड. लुतेवर जळकं ऑइल किंवा रॉकेल चोळू नका, कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होते. गुरांचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणंही तितकंच घातक, कोलीसारख्या जातींत तर जिवावर बेततं.

दवाखान्यात जाताना त्याच दिवशीची शी डबीत घेऊन जा, पण एकदा जंत दिसले नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. जंत रोज अंडी टाकतातच असं नाही. दिवसभरात काय आणि किती घातलं ते कागदावर लिहून न्या, शेजाऱ्यांनी घातलेल्या बिस्किटांसकट. आणि महिन्यातून एकदा वजन करत जा: कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग तुमचं वजन वजा करा.