बातमी रद्दीत जाते, पुस्तक उरते
तालुक्याच्या बातमीदाराने काय वाचावे आणि का वाचावे?

उदगीर (प्रतिनिधी) - सकाळी चहाबरोबर वाचलेले वृत्तपत्र महिनाअखेरीस रद्दीत जाते. बातमीचे आयुष्य एवढेच, असे आपण धरून चालतो. मात्र काही बातमीदारांनी आपल्या वहीतील नोंदींना पुस्तकाचे रूप दिले आणि त्या बातम्या पुढील पिढ्यांसाठी पुरावा ठरल्या.

एप्रिल २०२२ मध्ये उदगीर येथे ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. कथाकार भारत सासणे अध्यक्षस्थानी होते. त्याच दिवसांत शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. संमेलनांमुळे गावोगावी नव्या लेखकांना हुरूप येतो. पण साहित्य म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या कविता, कथा आणि कादंबरी. आपल्या गावाविषयी खरे, तपासलेले लिहिणे हेही साहित्यच आहे आणि ते शिकता येते, हे सांगणारी पुस्तके मात्र मागे राहतात. अशा काही पुस्तकांची ही ओळख.

आधी माणसे, मग मत

मराठी वृत्तलेखनाचा पहिला धडा डॉ. अनिल अवचट (१९४४-२०२२) यांच्याकडे घ्यावा. शिक्षणाने डॉक्टर असलेल्या अवचटांचे बिहारमधील अनुभवांवरचे 'पूर्णिया' हे पुस्तक १९६९ मध्ये आले. पुढे 'माणसं', 'संभ्रम', 'धागे आडवे उभे' या पुस्तकांतून त्यांनी कष्टकऱ्यांचे जगणे मांडले. निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या स्त्रियांविषयी लिहिताना ते शोषणावर व्याख्यान देत नाहीत. मजुरी किती, काम किती तास, धुळीने छातीचे काय होते, हे ते सांगतात. निष्कर्ष वाचक स्वतःच काढतो.

हे लेखन सोपे वाटते. तसे ते नाही. विशेषण गाळायचे, तर त्या जागी तपशील हवा आणि तपशील मिळवायला त्या माणसापाशी बसावे लागते. 'रिपोर्टिंगचे दिवस' आणि 'माझ्या लिखाणाची गोष्ट' ही त्यांची पुस्तके नवोदित बातमीदाराने जवळ ठेवावीत. पहिल्यात त्यांचे वार्तांकन आहे, तर दुसऱ्यात त्या लेखनामागील वाटचाल.

घटना आणि प्रक्रिया

दुसरे पुस्तक पी. साईनाथ यांचे. मूळ इंग्रजी ग्रंथ १९९६ चा. 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने तो मराठीत आला. देशातील सर्वांत गरीब जिल्ह्यांत फिरून केलेल्या वार्तांकनाचे हे संकलन आहे. त्यासाठी त्यांनी सुमारे पाच हजार किलोमीटर पायपीट केली. वृत्तपत्रे गरिबीची दखल घेतात ती घटना म्हणून. प्रक्रिया मात्र नजरेआड राहते, हा त्यांचा मुख्य आक्षेप.

लातूर जिल्ह्याच्या वाचकाला हा मुद्दा चटकन कळावा. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. देशभरातील वार्ताहर आणि कॅमेरे स्थानकावर जमले. ही घटना झाली. मांजरा धरण कोरडे का पडले, जमिनीखालचे पाणी किती खोल गेले, उसाला किती पाणी गेले, ही प्रक्रिया. गाडीची बातमी एका दिवसात लिहून होते; प्रक्रिया समजून घ्यायला वर्षे लागतात आणि ती पुस्तकातच मावते.

दहा हजार आणि सहा

आकडा मोठा झाला की माणूस दिसेनासा होतो. या अडचणीवर अमेरिकी पत्रकार जॉन हर्सी यांनी उपाय शोधला. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला. पुढच्या वर्षी तेथे जाऊन हर्सी यांनी वाचलेल्यांपैकी फक्त सहा माणसे निवडली आणि स्फोटाच्या क्षणापासून त्यांचे काय झाले, ते संयत शब्दांत लिहिले. 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकाने ३१ ऑगस्ट १९४६ चा संपूर्ण अंक त्या एका वृत्तान्ताला दिला.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर काही तासांतच, किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंप ही घटना होती. पण मृत्यू इतके का झाले, याचे उत्तर दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या जड छतांत दडलेले होते. लातूर येथे राहून लिहिणारे अतुल देऊळगावकर यांनी अशाच प्रश्नांचा पाठपुरावा केला. 'डळमळले भूमंडळ', 'लॉरी बेकर', 'विश्वाचे आर्त' या त्यांच्या पुस्तकांतून भूकंप, घरबांधणी आणि हवामान बदल या विषयांची साखळी उलगडते. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून जगाच्या प्रश्नावर लिहिता येते, हा त्यांचा धडा.

लढ्यातला साक्षीदार

चौथे नाव 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव (१९१९-१९९१) यांचे. 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा त्यांचा ग्रंथ या प्रदेशाच्या इतिहासाचा महत्त्वाचा आधार आहे. ते स्वतः लढ्यात होते. हेच त्या लेखनाचे बळ आणि हीच त्याची मर्यादा. साक्षीदाराची साक्षही कागदपत्रांशी ताडून पाहावी लागते. वृत्तपत्रालाही हाच न्याय लागू होतो. निजामाविरुद्धच्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्या 'मराठवाडा'ने नामांतराच्या प्रश्नावर घेतलेल्या भूमिकेवर कठोर टीका झाली. नव्या बातमीदाराने दोन्ही बाजू वाचाव्यात.

उदगीरचे दप्तर

ही पुस्तके वाचून उदगीरच्या तरुणाने काय लिहावे? किल्ल्यावर आणि १७६० च्या मराठे-निजाम लढाईवर पुष्कळ लिहून झाले आहे. अलीकडच्या काळाचे मात्र तसे नाही. निजामाच्या राजवटीत हा तालुका बिदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर तो उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातूरमध्ये. म्हणजे गावाचा इतिहास शोधणाऱ्याला एकाच तालुक्यासाठी तीन जिल्ह्यांची वाट धरावी लागते, त्यातील एक आज कर्नाटकात. जुना सरकारी कारभार उर्दूत चाले. ती लिपी वाचणारे शोधावे लागतात.

कागद कदाचित थांबतील. माणसे थांबणार नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा दहा वर्षांचे असलेले आज नव्वदीकडे झुकले आहेत. घर सोडून गेलेली कुटुंबे, लढ्यात उतरलेली गावे, पोलिस कारवाईनंतर हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांवर ओढवलेले प्रसंग त्यांना आठवतात. या आठवणी कोणा एका बाजूच्या नाहीत, म्हणूनच त्या सर्वांकडून ऐकाव्या, तारखा तपासाव्या आणि सांगणाऱ्याच्या भाषेत लिहून घ्याव्या लागतील. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. एक वही, थोडा वेळ आणि वर सांगितलेली चार-पाच पुस्तके एवढी तयारी पुरेशी आहे.