संधिपाद प्राण्यांचे बाह्यकंकाल आणि कोरड्या भूमीवरील जीवन : तलवाडा परिसराच्या संदर्भात

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात वसलेले तलवाडा हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते. गोदावरी तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहत असली, तरी येथील उन्हाळा कडक व कोरडाच असतो. मराठवाड्यातील अशा उन्हाळ्यात विंचू दगडाखाली टिकून राहतो. वाणी ही कीड मात्र मृगाचा पाऊस पडल्यावरच शेतात दिसू लागते. दोघेही संधिपाद संघातील आणि दोघांचेही अंग कठीण कवचाने झाकलेले. मग हा भेद कशामुळे पडतो?

पाठ्यपुस्तकांतून बाह्यकंकालाचे वर्णन बहुधा 'संरक्षक चिलखत' असे केले जाते. ते चुकीचे नसले, तरी अपुरे आहे. पाण्याबाहेर आलेल्या शरीराचा भार पेलणे आणि स्नायूंना आतून आधार देणे ही कार्ये बाह्यकंकाल करतेच. परंतु भूमीवरील खरे संकट शुष्कतेचे होय. लहान शरीराचे पृष्ठफळ त्याच्या घनफळाच्या मानाने फार मोठे असते. त्यामुळे त्यातील पाणी झपाट्याने उडून जाते.

हे पाणी केवळ काठिण्याने अडत नाही. कायटिन व प्रथिने यांनी बनलेल्या उपत्वचेच्या जाड थरांतून पाणी झिरपू शकते. त्यास मुख्यतः अडविते ते सर्वांत बाहेरच्या, अत्यंत पातळ थरातील मेण. कठीण भुकटीने हा थर खरवडला गेल्यास कीटक कोरड्या हवेत वेगाने पाणी गमावतात, हे विगल्सवर्थ यांनी 1945 मध्ये दाखविले. साठवणीच्या धान्यात राख मिसळण्याची जुनी ग्रामीण रीत याच तत्त्वाशी जुळते.

विंचवाच्या उपत्वचेवरील मेणाचा थर प्रभावी असतो, त्याची पुस्तक-फुफ्फुसे शरीराच्या आत असून अरुंद छिद्रांनीच बाहेर उघडतात, शिवाय तो निशाचर आहे. वाणीचे कवच कॅल्शियम कार्बोनेटमुळे कठीण झालेले असते. पण बहुतेक जातींत मेणाचा आवर दुबळा असतो आणि श्वासरंध्रे पूर्णपणे मिटता येत नाहीत. म्हणून ती ओल शोधत जमिनीत दडते व डिवचल्यास पैशासारखी गोल वेटोळी होते. पावसाबरोबर ती वर येते, ती नेमकी सोयाबीन व कपाशीचे कोंब फुटण्याच्या वेळी. दुबार पेरणीचा खर्च सोसणाऱ्या शेतकऱ्यास हा योगायोग चांगलाच ठाऊक असतो.

या कवचाची किंमतही मोजावी लागते. ते वाढत नसल्याने प्राण्यास वेळोवेळी कात टाकावी लागते. नवी उपत्वचा प्रारंभी मऊ असते. मात्र कीटकांत तिच्यावरील मेणाचा थर जुनी कात गळण्यापूर्वीच स्रवू लागतो, ही व्यवस्था विशेष उल्लेखनीय होय. कपाशीवरील बोंडअळीसाठी वापरले जाणारे नोव्हाल्युरॉन हे कीटकनाशक कायटिनच्या निर्मितीत अडथळा आणते. त्यामुळे अळीस कात नीट टाकता येत नाही. पूर्ण वाढलेला पतंग कात टाकत नसल्याने त्यावर या औषधाचा तसा मारक परिणाम होत नाही. फवारणी अळी लहान असतानाच करावी लागते.