खवल्यांची कातडी

आपल्या अंगावरची कातडी रोज झिजते. वरचा थर गळतो, खालून नवा येतो. या थरात केराटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. आपली नखे, केस आणि बैलाचे शिंग त्याचेच बनते.

काही थोड्या माणसांत हा थर वेळेवर गळत नाही. तो साचतो, वाळतो, माशाच्या खवल्यांसारखा दिसतो. या रोगाला इक्थिओसिस म्हणतात. ग्रीक भाषेत इक्थिस म्हणजे मासा. याचे सौम्य प्रकार आहेत, तसाच हार्लेक्विन नावाचा एक कठीण प्रकारही आहे. तो फार क्वचित होतो. युरोपातल्या जुन्या नाटकांत हार्लेक्विन नावाचा सोंगाड्या चौकटींचा अंगरखा घाली. या रोगात जन्मलेल्या बाळाची कातडी तशीच जाड चौकटींची असते. चौकटींमध्ये खोल भेगा असतात. चेहऱ्याची कातडी ताणून पापण्या व ओठ बाहेर उलटतात. भेगांतून अंगातले पाणी जाते, जंतू शिरतात. छाती आवळली जाऊन श्वास अडतो.

जून 2016 मध्ये नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयात असे एक बाळ जन्मले. दोन दिवसांत ते गेले.

असे मूल झाले की लोक म्हणतात, आईने ग्रहण पाळले नाही, कुणी करणी केली. हे खरं नाही. खरे कारण शास्त्रज्ञांना 2005 साली सापडले. भिंतीच्या विटांमध्ये चुना लागतो, तसा कातडीच्या थरांत तेलकट पदार्थ लागतो. तो पोचवण्याची शक्ती वारशाने मिळते. आई आणि बाप, दोघांकडूनही तिच्यात खोट आली तरच हा रोग होतो. दोघे स्वतः धडधाकट असतात. मग एकट्या आईला बोल का लावावा? अशा जोडप्याला दर बाळंतपणात चारांत एक असा धोका असतो. मामाच्या मुलीशी लग्न, अशा जवळच्या नात्यात तो वाढतो. पुढच्या मुलाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हा रोग शिवल्याने लागत नाही. बाळाला घेताना हात मात्र स्वच्छ धुवावेत.

रोग मुळातून जात नाही, पण उपाय आहेत. दवाखान्यात बाळाला उबेच्या पेटीत ठेवतात, अंगाला वरचेवर मलम लावतात, डोळे जपतात. इंग्लंड-अमेरिकेत अशी काही मुले वाढून तिशीला पोचली आहेत.

म्हणून वेळ दवडू नका. घाटकोपर-मुलुंडकडच्यांना शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ, अंधेरी-बोरिवलीकडच्यांना कूपर रुग्णालय. दोन्ही महापालिकेची आहेत. मोठ्या माणसाच्या अंगावर खवले असले, तरी झाडपाला न लावता तिथेच दाखवावे.