न्हाणीघरातला फोन

पूर्वी माणूस आंघोळ करताना स्वतः गुणगुणत असे. आता त्याच्याऐवजी फोन गातो. आम्हालाही गाणी आवडतात. त्यात वाईट काही नाही. पण पाणी आणि वीज एकत्र आली की जिवाशी गाठ पडते. ते कसे, हे आपण समजून घेऊ.

फोनच्या आत लहान बॅटरी असते. तिचा दाब सुमारे ४ व्होल्ट. एवढ्याने माणसाला झटका बसत नाही. भिंतीतल्या विजेचा दाब मात्र २३० व्होल्ट असतो. चार्जर हा दाब कमी करून फोनला देतो. चार्जर खराब असला किंवा त्यात पाणी गेले, तर भिंतीतली वीज वायरीतून थेट फोनपर्यंत येऊ शकते. कोरडे कातडे विजेला बरेच अडवते. ओले कातडे तेवढे अडवत नाही. त्यात पाय ओल्या फरशीवर! वीज अंगातून जमिनीत जाते आणि माणूस दगावू शकतो. म्हणून चार्जिंगला लावलेला फोन न्हाणीघरात कधीही ठेवू नका. ओल्या हाताने त्याला शिवूही नका.

कोणी म्हणेल, "माझा फोन पाण्यात चालतो. त्यावर 'आयपी ६७' लिहिलंय." त्यातला ७ हा आकडा पाण्याविषयी आहे. १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवून ही परीक्षा घेतात. पण ते पाणी साधे असते. साबण आणि गरम वाफ यांची ती परीक्षा नव्हे. वाफ बारीक फटीत शिरते, आत गार होते आणि तिचे पाणी बनते. फोन जुना झाला की त्याचे सांधेही ढिले पडतात.

मग करावे काय? फोन दाराबाहेर कोरड्या जागी ठेवा. आवाज थोडा वाढवा. गाणे आत ऐकू येते, बरं का!

फोन भिजलाच, तर बंद करून पुसा आणि वाऱ्यावर ठेवा. पुरता वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका. तांदळात पुरू नका. तांदळाची पूड फटीत जाते.

आणि कोणाला झटका बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. मग त्याला बाजूला घ्या आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. तुमच्या घरातला मेन स्विच कुठे आहे? तो आजच सर्वांना दाखवून ठेवा.