गाईंचा खुराक आणि न्यूयॉर्कचं पाणी

न्यूयॉर्क शहराच्या नळाला येणारं बहुतेक पाणी गाळलेलं नसतं. ऐंशी लाखांहून अधिक माणसं जे पाणी पितात, त्यातलं सरासरी नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी कॅट्सकिलच्या डोंगरांतून आणि डेलावेअर नदीच्या खोऱ्यातून येतं. त्यात क्लोरीन घालतात, त्यावर अतिनील किरण सोडतात, पण वाळूच्या थरांतून ते गाळत नाहीत. अमेरिकेत १९८९ मध्ये नियम आला, की नदी-तलावातून पाणी उचलणाऱ्या प्रत्येक शहराने एकतर ते गाळावं किंवा मुळातच ते स्वच्छ असल्याचं सतत सिद्ध करत राहावं. गाळण प्रकल्पाचा अंदाज सहा ते आठ अब्ज डॉलरचा निघाला, चालवण्याचा वार्षिक खर्च वेगळाच. शहराने दुसरी वाट धरली. पाणी जिथून येतं ती जमीनच सांभाळायची, असं ठरलं. या वाटेवरचं सगळ्यांत अवघड वळण होतं कॅनन्सव्हिल.

कॅनन्सव्हिल हे डेलावेअरच्या पश्चिम शाखेवरचं धरण, शहरापासून सुमारे १९० किलोमीटर वायव्येला. १९६४ मध्ये ते वापरात आलं. कॅनन्सव्हिल, बीअर्स्टन, रॉक रिफ्ट अशी गावं त्याच्या पोटात गेली. क्षमता ३६ हजार कोटी लिटर, आपल्या भाषेत जेमतेम पावणेतेरा टीएमसी. पाणलोट मात्र जवळजवळ १,१८० चौरस किलोमीटरचा, आणि या पाणलोटात मोठी शहरं नाहीत, कारखानेही फारसे नाहीत. आहेत ती छोटी गावं, जंगल आणि दुभत्या गाईंचे गोठे. तरीही उन्हाळ्याच्या अखेरीस या धरणाचं पाणी हिरवं व्हायचं. शिवाय १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार खालच्या राज्यांसाठी नदीत पाणी सोडावं लागतं. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात साठा खाली जातो आणि उरलेल्या पाण्यात हिरवळ आणखी फोफावते.

या हिरवेपणाचं मूळ फॉस्फरस.

शेवाळाला कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस या तिन्हींची गरज असते. कार्बन आणि नायट्रोजन हवेत भरपूर आहेत, आणि काही सूक्ष्मजीव नायट्रोजन थेट हवेतून ओढून घेतात. फॉस्फरसला मात्र हवेचा रस्ता नाही. तो खडकातून, मातीतून, मलमूत्रातून येतो आणि पाण्यात किंवा गाळात राहतो. त्यामुळे बहुतेक गोड्या पाण्यात शेवाळ किती वाढेल हे फॉस्फरस किती आहे यावर ठरतं. आज हे सरळ वाटतं, पण १९७० च्या सुमारास यावर जोरदार वाद होता. साबण उद्योगाला जोडलेली मंडळी कार्बनकडे बोट दाखवत होती, कारण त्या काळच्या धुलाईच्या पावडरींत फॉस्फेट ठासून भरलेलं असे. कॅनडात ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये एक धाडसी प्रयोग केला. डमरूच्या आकाराचं एक तळं निवडून त्याच्या अरुंद कमरेत आरपार प्लास्टिकचा पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकले, दुसऱ्या बाजूला या दोघांबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी गडद निळसर राहिली. विमानातून काढलेलं ते छायाचित्र १९७४ मध्ये छापून आलं आणि त्याने वाद जवळजवळ मिटवला. न्यूयॉर्क राज्याने १९७३ मध्येच धुलाईच्या पावडरींतल्या फॉस्फेटवर बंधन घातलं होतं.

किती कमी फॉस्फरस पुरतो, हे पाहिलं की धडकी भरते. न्यूयॉर्कच्या जलाशयांसाठी ठरलेली मर्यादा आहे लिटरमागे २० मायक्रोग्रॅम. आता आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या ओळखीचं माप घेऊ. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो 'स्फुरद' असतं असं आपण म्हणतो. हा आकडा ऑक्साइडच्या हिशेबातला असतो. त्यात मूळ फॉस्फरस साधारण दहा किलो. हे दहा किलो जसेच्या तसे पाण्यात गेले, तर पन्नास कोटी लिटर निर्मळ पाणी त्या मर्यादेपर्यंत आणायला ते पुरेसे आहेत. एक ग्रॅम फॉस्फरस शेवाळाच्या शंभर ग्रॅम कोरड्या वजनाला आधार देऊ शकतो.

आणि शेवाळ म्हणजे नुसता डोळ्याला खुपणारा रंग नाही. त्यातल्या सायनोबॅक्टेरियांच्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात, काही जाती पाण्याला मातकट वास देतात. शेवाळ मेलं की ते कुजताना तळाचा प्राणवायू खाऊन टाकतं. न गाळलेल्या पाण्यात क्लोरीन घातलं की शेवाळातून आलेल्या सेंद्रिय द्रव्याशी त्याची क्रिया होते आणि ट्रायहॅलोमिथेनसारखी नको असलेली संयुगं बनतात. म्हणजे पाणी जितकं हिरवं, तितका निर्जंतुकीकरणाचा उपायच अपायकारक. गाळण टाळू पाहणाऱ्या शहराला हे परवडणारं नव्हतं.

जानेवारी १९९७ मध्ये शहर, राज्य, केंद्र सरकार, पाणलोटातली गावं आणि पर्यावरण संस्था यांच्यात करार झाला. कॅनन्सव्हिलचं खोरं त्या वेळी 'फॉस्फरस-प्रतिबंधित' होतं, म्हणजे तिथे नदीत पाणी सोडणारा नवा मैलापाणी प्रकल्प उभारायला मनाई. साहजिकच गावकरी भडकले. शहराने आधी गावं बुडवली, आता उरलेल्या गावांची वाढही रोखणार? हा राग समजण्यासारखा होता, आणि करार टिकला तो या रागाकडे शहराने डोळेझाक केली नाही म्हणून. प्रकल्पांच्या सुधारणेचा पैसा शहराने दिला. मर्यादा कडक ठेवल्या: रोज १९ लाख लिटरहून अधिक पाणी सोडणाऱ्या प्रकल्पाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, अगदी लहान प्रकल्पाला १ मिलिग्रॅम. तंत्र अवघड नाही. तुरटीचा किंवा लोहाचा क्षार घातला की फॉस्फेट त्याच्याशी बांधला जाऊन खाली बसतो आणि उरलेला बारीक गाळणीत अडकतो. वॉल्टन, डेल्ही, होबार्ट, स्टॅमफर्ड या नदीकाठच्या गावांचे प्रकल्प सुधारले आणि नळीतून येणारा फॉस्फरस पूर्वीच्या मानाने किरकोळ उरला.

खरी गुंतागुंत गोठ्यात होती. या खोऱ्यात दऱ्या अरुंद, सपाट जमीन ती ओढ्याकाठचीच. गोठे ओढ्यालगत, गाईंचं वावरण्याचं आवार ओढ्यालगत, दूधघर धुतलेलं पाणीही तिकडेच जाणार. हिवाळ्यात जमीन गोठलेली असते. शेण साठवायला जागा नाही म्हणून ते रोजच्या रोज बर्फावर पसरलं जाई. बर्फ वितळला की ते थेट पाण्यात. जानेवारी १९९६ मध्ये साचलेल्या बर्फावर मुसळधार पाऊस पडला, वॉल्टन गाव बुडालं आणि त्या पुराने खोऱ्यातला गाळ आणि त्याला चिकटलेला फॉस्फरस धरणात लोटला.

शेण अडवण्याचे उपाय झाले: साठवण टाक्या, आवारांची फरसबंदी, ओढ्याला कुंपण, गाईंसाठी छोटे पूल, काठाने झाडांचे पट्टे. १९९३ मध्ये स्थापन झालेली 'वॉटरशेड अ‍ॅग्रिकल्चरल काउन्सिल' हे काम पाहते. तिचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती, पैसा मुख्यतः शहराचा आणि सहभाग ऐच्छिक. १६० हेक्टरच्या एका दूध-शेतावर संशोधकांनी उपायांच्या आधी आणि नंतर अनेक वर्षं ओढ्याचं पाणी मोजलं, शेजारच्या जंगलातल्या ओढ्याशी ताडून पाहिलं. पावसाच्या लोंढ्यांबरोबर वाहून जाणारा विरघळलेला फॉस्फरस ४३ टक्क्यांनी घटला, मातीच्या कणांना चिकटलेला २९ टक्क्यांनी. चांगली घट, पण प्रश्न सुटला असं म्हणण्याजोगी नव्हे. कारण शेण टाकीत साठवलं तरी त्यातला फॉस्फरस नाहीसा होत नाही. तो उद्या शेतातच जाणार.

मग कॉर्नेल विद्यापीठाच्या विस्तार सेवेतल्या मंडळींनी शेताचा जमाखर्च मांडला. खुराक आणि खतातून किती फॉस्फरस शेतात येतो, दूध आणि जनावरांच्या विक्रीतून किती बाहेर जातो? शेतांवर निम्म्याहून जास्त फॉस्फरस मागे उरत होता, वर्षानुवर्षं मातीत साठत होता. त्याची मोठी आवक होती विकतच्या खुराकातून. दुभत्या गाईच्या कोरड्या आहारात ०.३८ टक्क्यांच्या आसपास फॉस्फरस पुरतो. गोठ्यांत सर्रास ०.४८ टक्के किंवा त्याहून जास्त दिला जात होता. जास्त फॉस्फरस दिला की गाय लवकर गाभण राहते, असा समज होता. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या प्रयोगांत त्याचा फायदा दिसला नाही.

आकड्यांत हा फरक फुटकळ वाटतो, म्हणून मांडून बघू. मोठी दुभती गाय दिवसाला साधारण २२ किलो कोरडा आहार खाते. टक्क्याचा दहावा भाग म्हणजे रोजचे २२ ग्रॅम, वर्षाचे आठ किलो. हे आठही किलो गाईला नको असतात, ते सरळ शेणात उतरतात. म्हणजे दर गाईमागे वर्षाला डीएपीच्या पाऊण पोत्याहून जास्त फॉस्फरस विकत आणायचा आणि ओढ्याच्या दारात ठेवायचा. पन्नास गाईंच्या गोठ्यात चाळीस पोती! खोऱ्यातल्या काही गोठ्यांवर खुराकातलं खनिज मिश्रण मोजूनमापून कमी केलं आणि घरचं चांगलं गवत वाढवलं, तेव्हा शेणातला फॉस्फरस सुमारे एक तृतीयांश घटला. दूध घटलं नाही, उलट खुराकाचा खर्च वाचला. शेतकऱ्याला नदीसाठी त्याग करायला सांगण्यापेक्षा त्याच्या खिशाला परवडणारी गोष्ट दाखवणं कितीतरी परिणामकारक ठरतं; या खोऱ्याने शिकवलेली ही मोलाची गोष्ट आहे.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत कॅनन्सव्हिल प्रतिबंधित यादीतून बाहेर आलं. शेवाळ कायमचं गेलं असं नाही. मातीत मुरलेला जुना फॉस्फरस हळूहळू झिरपत राहतो. तळाचा प्राणवायू संपला की गाळातल्या लोहाने धरून ठेवलेला फॉस्फेट सुटून पुन्हा पाण्यात येतो. म्हणून काम चालूच आहे, मोजणीही चालू आहे. डिसेंबर २०१७ मध्ये शहराला न गाळता पाणी देण्याची परवानगी आणखी दहा वर्षांसाठी मिळाली.

महाराष्ट्राच्या वाचकाला यातून उजनी आठवल्याशिवाय राहणार नाही. भीमेवरचा हा यशवंत सागर सुमारे ११७ टीएमसीचा, कॅनन्सव्हिलच्या नऊपट. त्याचा पाणलोट बारापटींहून मोठा आणि त्याच्या माथ्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन महानगरं. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून त्यांचं सांडपाणी भीमेत उतरतं. खाली सोलापूर तेच साठवलेलं पाणी पितं. उन्हाळ्यात उजनीच्या पाण्याला येणारी हिरवी साय आणि वास इंदापूर, करमाळा, माढ्याच्या लोकांना नवा नाही. माणूस रोज साधारण एक ते दीड ग्रॅम फॉस्फरस मलमूत्रातून टाकतो. २०११ च्या जनगणनेत या दोन शहरांची लोकसंख्या ४८ लाखांच्या वर होती. ग्रॅमभरच धरला तरी रोजचे पावणेपाच टनांहून जास्त होतात. त्यात शेतातून धुपून येणाऱ्या खताचा हिशेब धरलेला नाही.

इथला प्राधान्यक्रम म्हणून वेगळा असायला हवा: आधी मैलापाणी, मग गोठे आणि ऊस. पण मैलापाणी शुद्ध केलं की फॉस्फरसही गेला, असं समजणं चूक आहे. नेहमीच्या जैविक प्रक्रियेत त्याचा थोडाच भाग निघतो. बाकीचा काढण्यासाठी वेगळा टप्पा लागतो. शुद्धीकरण प्रकल्पांसाठी २०१७ मध्ये केंद्राने जी मानकं जाहीर केली, त्यांत सामू, बीओडी, तरंगते घन पदार्थ आणि मैलाजंतू होते, फॉस्फरस नव्हता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये मोठ्या शहरांसाठी लिटरमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा धरायला सांगितलं. ही मर्यादा वॉल्टनसारख्या खेड्याच्या प्रकल्पाला लागू असलेल्या मर्यादेच्या पाचपट सैल आहे. निदान ती तरी पाळली जायला हवी.

पुणेकरांनी आणि पिंपरी-चिंचवडकरांनी आपल्या भागातल्या प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम फॉस्फरस आहे, हा आकडा महापालिकेकडे मागावा. सोलापूरकरांनी उजनीच्या पाण्यातल्या फॉस्फरसची दर महिन्याची मोजणी जाहीर करायला लावावी. आणि भीमाकाठच्या शेतकऱ्यांनी पुढच्या हंगामात डीएपीचं पोतं उचलण्याआधी माती तपासून घ्यावी. जमिनीत स्फुरद आधीच भरपूर असेल, तर त्या पोत्याचे पैसे वाचतील.