तिकिटांचा काळा बाजार

चित्रपटगृहाच्या दाराशी ‘दो का पाँच’ पुटपुटत हिंडणारा इसम पुष्कळ वाचकांना आठवत असेल. त्याला निदान तोंड होते. पोलीस दिसताच तो गल्लीत पळे! आता त्याचा धंदा संगणकावर चालतो.

२२ सप्टेंबर २०२४ रोजी ‘कोल्डप्ले’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे ऑनलाइन विक्रीस निघाली आणि बघता बघता संपली. लगोलग तीच दुसरीकडे लाखांच्या भावाने झळकली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १० जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने जनहित याचिका फेटाळली. कायदा करणे हे विधिमंडळाचे व सरकारचे काम, असा निकालाचा आशय.

गंमत अशी, की आदल्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या तिकिटांबाबत निवाडा दिला होता. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १४३ वे कलम परवान्याविना तिकिटांचा धंदा करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. तेव्हा ऑनलाइन तिकीट कुठे होते? तरी कलम त्यालाही लागू, असे ठरले.

कोणी म्हणेल, विकत घेतलेला माल हव्या त्या भावाने विकला, तर बिघडले कुठे? आमच्या पिंपळगावच्या बाजार समितीत टोमॅटो कडाडला, तर त्याला काळा बाजार म्हणत नाहीत. खरे आहे, पण तिथे बोली चारचौघांत लागते. शंभर नावांची खाती उघडून रांगेत पुढे घुसणारा इथे दिसतच नाही.

रेल्वेच्या तिकिटावर प्रवाशाचे नाव असते, ते परक्याला देता येत नाही. गाण्याच्या तिकिटावर नाव छापायला अशी किती शाई लागणार?